प्रार्थना : मंदिरांतली आणि घरांतली

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस पावणे नांवाचें एक गांव आहे. एके काळीं तें भातशेतीवर आणि खाडीवर जगणारें गांव होतें. पुढें ठाणें-बेलापूर रस्त्यालगत औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन नव्या मुंबईची आखणी सुरू झाली, आणि आज पावण्याचें नांव घेतलें म्हणजे ऐकणाऱ्यास प्रथम कारखाने आठवतात. दिवसाचे भाग आतां सूर्य पाडीत नाहीं, कामाच्या पाळ्या पाडतात. तरीहि या पट्ट्यांतील जुन्या आगरी-कोळी घरांतून तिन्हीसांजेला देवापुढें दिवा लावण्याची आणि एकादशीस टाळ-मृदंगावर अभंग म्हणण्याची चाल मोडलेली नाहीं. दिवा लावणाऱ्या बाईचा भात शिजत असतो, मुलाचा अभ्यास अर्धा राहिलेला असतो, पाळीवरून परतणाऱ्या माणसाची वाट पाहावयाची असते. ती क्षणभर हात जोडते आणि पुन्हां कामास लागते. त्या क्षणांत नेमकें काय घडतें? ओठ हालतात तेवढेंच, कीं त्यांबरोबर मनहि हालतें? आणि मन हाललें असेल, तर दिवा लावून उठल्यावर घरांतल्या माणसांशीं जें बोलणें होतें त्यांत त्याची कांहीं खूण उमटते काय?

हा प्रश्न संतांनीं विचारला होता, आणि फार रोखठोकपणें विचारला होता. परंतु अर्वाचीन महाराष्ट्रांत तो चारचौघांत मांडून त्याचें उत्तर संस्थेच्या रूपानें देण्याचा यत्न याच खाडीच्या पलीकडे, मुंबईंत, झाला. ती संस्था म्हणजे प्रार्थना समाज. गिरगांवांतील एका चौकास आजहि तिचें नांव आहे. तेथें उतरणाऱ्या शेंकडों लोकांच्या तोंडीं तें रोज येतें, पण त्यांतल्या ‘प्रार्थना’ या शब्दाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. नित्याच्या उच्चारानें शब्द कसा बोथट होतो, याचें याहून बोलकें उदाहरण शोधण्याची गरज नाहीं.

प्रार्थना समाजापूर्वीं मुंबईंत परमहंस सभा होती. १८४९ च्या सुमारास ती निघाली. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या विचाराचे तरुण तींत होते. ईश्वर एक आहे आणि जातिभेद खोटा आहे, हें त्यांस पटलें होतें. सभेंत ते प्रार्थना करीत आणि जातीचा निर्बंध मोडून एकत्र खातपीत. मात्र हें सारें बंद दाराआड चाले. सभा गुप्त होती. दारांतून बाहेर पडल्यावर प्रत्येक सभासद आपापल्या घरीं पूर्वींच्याच रीतीनें वागे. पुढें १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची यादी बाहेर फुटली आणि सभा पाहतां पाहतां नाहींशी झाली. या तरुणांच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. त्या काळीं बहिष्काराचा अर्थ काय होता, हें आज घरबसल्या समजणें कठीण आहे. परंतु जी श्रद्धा घरच्या माणसांपासून लपवावी लागते ती फार दिवस टिकत नाहीं, हा धडा मागें राहिलाच.

तो धडा घेऊन जे पुन्हां एकत्र आले त्यांत दादोबांचे धाकटे बंधु डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे प्रमुख होते. बंगालचे केशवचंद्र सेन मुंबईस येऊन गेले होते आणि त्यांच्या वक्तृत्वानें येथील सुशिक्षितांस हालवून सोडलें होतें. १८६७ च्या ३१ मार्च रोजीं समाज स्थापन झाला. बंगालचें अनुकरण करावयाचें तर ‘ब्राह्म समाज’ हें नांव तयारच होतें. परंतु येथील मंडळींनीं तत्त्वाचें नांव न घेतां कृतीचें नांव घेतलें. पुढें १८७२ मध्यें प्रतापचंद्र मजुमदार मुंबईस येऊन राहिले, तेव्हां नांव बदलण्याचा विषय निघाला. महादेव गोविंद रानडे यांचा त्यास विरोध होता, आणि नांव बदललें नाहीं. समाजाच्या तत्त्वांत एक कलम लक्षांत ठेवण्याजोगें आहे. ईश्वराची खरी उपासना कशांत आहे हें सांगतांना त्यांत प्रेम, आदर, अनन्य श्रद्धा, त्या भावनांनीं केलेली प्रार्थना आणि गायन हीं सारीं सांगितलीं आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीस ईश्वरास आवडतील अशीं कृत्यें करणें हेंहि बसविलें आहे. प्रार्थना आधीं आणि सदाचरण मागाहून, अशी त्यांत वाटणी नाहीं. दोन्ही मिळून उपासना. लिहिणारांनीं हें वाक्य लिहिलें तेव्हां आपण स्वतःस केवढ्या बंधनांत घालून घेत आहों, याची त्यांस पूर्ण कल्पना असेल असें वाटत नाहीं.

पहिलें काम भाषेचें होतें. ब्राह्मण घरांतील संध्या संस्कृतांत. ती आठव्या वर्षीं मुंजींत पाठ करावयाची आणि जन्मभर म्हणावयाची. म्हणणारांपैकीं अर्थ जाणणारे थोडे, आणि बायकांस तर ती म्हणण्याचाहि अधिकार नव्हता. समाजानें उपासना मराठींत आणली. गिरगांवांत १८७४ सालीं समाजाचें मंदिर पुरें झालें. तेथें दर रविवारीं मंडळी जमत. गायन होई, उपासना चालविणारा गृहस्थ स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करी, मग उपदेश होई. उपदेशास आधार म्हणून पुष्कळदां एखादा अभंग घेत. पाठ केलेलें म्हणावयाचें नाहीं, त्या दिवशीं मनांत जें असेल तें ईश्वरापुढें ठेवावयाचें, हें त्या काळच्या कानांस अगदींच नवें होतें.

ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं. इंग्लंडांत सतराव्या शतकांत नेमक्या याच मुद्द्यावर रणें माजलीं. ठराविक प्रार्थनांचें पुस्तक हातीं असल्यावर माणूस हृदयानें प्रार्थना करीत नाहीं, असें प्यूरिटन पंथी म्हणत. १६४५ सालीं पार्लमेंटनें तें पुस्तक रद्द केलें, आणि राजसत्ता परत आल्यावर १६६२ सालीं तें पुन्हां चालू झालें. तंट्याचा निकाल काय लागला यापेक्षां त्यांतून दिसलें तें महत्त्वाचें. पुस्तकावांचून प्रार्थना करणाराचीहि कांहीं वर्षांत ठराविक वाक्यें होतात, तींच विशेषणें, तेच उसासे. आणि उलट, शेंकडों वर्षांचे जुने शब्द म्हणतांना एखाद्याचा गळा खरोखर भरून येतो. शब्द आपले कीं परके, यावर प्रार्थनेचा खरेपणा ठरत नाहीं.

प्रार्थना समाजास या पेचांतून वाट दाखविली ती तुकाराममहाराजांनीं. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनीं संपादिलेली तुकारामबोवांची गाथा इंदुप्रकाश छापखान्यांतून दोन भागांत निघाली, पहिला १८६९ मध्यें आणि दुसरा १८७३ मध्यें. मुंबई सरकारनें त्या कामासाठीं २४,००० रुपये दिले होते. समाज स्थापन झाला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत गाथा सुशिक्षितांच्या हातीं छापील रूपानें आली, हा योग मोठा गोड होता. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या उपदेशांतून तुकोबा वारंवार येतात. अभंग हे पाठ केलेले शब्द खरे, पण ते कळणारे शब्द आहेत. शिवाय त्यांत एक माणूस स्वतःच्या लबाडीची झडती स्वतःच घेत असतो. म्हणणारास त्या झडतींतून निसटतां येत नाहीं.

तथापि येथें एक उणीवहि नमूद केली पाहिजे. खाडीपलीकडच्या गांवांत, घाटावरच्या वाड्यांत, अभंग गाथेच्या छपाईची वाट पाहत बसले नव्हते. अक्षरओळख नसलेल्या वारकऱ्यास ते तोंडपाठ होते, आणि तो ते दहा जणांच्या टाळांत, उभा राहून, घाम निथळेपर्यंत म्हणत असे. समाजानें अभंग घेतला, टाळ ठेवून दिला. मंदिरांतील उपासना स्वच्छ, शांत आणि सुशिक्षित राहिली. गांवांतील भजनाची ऊब तिला क्वचितच आली. ज्या शेतकऱ्याच्या तोंडून हें धन आलें त्यास त्या मंदिरांत बिचकल्यासारखें झालें असतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

याहून कठीण प्रश्न घरचा होता. समाजानें सभासदांस मूर्तिपूजा टाकण्याची किंवा जात सोडण्याची शपथ घातली नाहीं. यामागें शहाणपण होतें. एकत्र कुटुंबांत वडील, आई, आत्या, चुलते यांच्यामध्यें राहणारा गृहस्थ एका रात्रींत देव्हारा उचलून टाकील तर प्रार्थनेपेक्षां भांडणच अधिक होईल. पण या सवलतीमुळें टीकाकारांस उत्तम साधन मिळालें. रविवारीं मंदिरांत निराकाराची प्रार्थना, आणि घरीं मुंज, श्राद्ध, सोवळें सारें यथास्थित! जोतीराव फुले यांनीं १८८५ सालच्या ‘सत्सार’ या पुस्तिकेंत ब्राह्म व प्रार्थना समाजांवर कठोर टीका केली. त्यांचा सत्यशोधक समाज १८७३ मध्येंच निघाला होता. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्यें भट नको, ही त्यांची भूमिका वरून प्रार्थना समाजाच्या जवळची दिसते. परंतु ज्यांच्या घरीं शूद्रातिशूद्रांस उंबरठ्याआंत पाऊल टाकतां येत नाहीं त्यांनीं सर्वांच्या एका पित्यास हांक मारावी, ही विसंगति त्यांस सहन होत नव्हती. टीकेचे शब्द तिखट होते. पण समाजाचें तिसरें कलम पुढें ठेवून पाहिलें तर फुल्यांनीं समाजास समाजाच्याच मापानें मोजलें, असें म्हणावें लागतें.

रानड्यांच्या आयुष्यांत हा प्रश्न किती खोल गेला होता तें पाहण्याजोगें आहे. विधवाविवाहाच्या चळवळींत ते अग्रभागीं होते. १८७३ सालीं त्यांची पहिली पत्नी वारली. आतां रानडे विधवेशीं विवाह करतील अशी मित्रांची अपेक्षा आणि विरोधकांची भीति. वडिलांनीं घाईनें अकरा वर्षांची मुलगी पाहिली. रानड्यांनीं नाराजी सांगितली, विनवण्या केल्या, आणि अखेर वडिलांच्या शब्दापुढें मान तुकविली. त्याच वर्षाअखेर लग्न झालें. सुधारकांच्या तोंडास काळोखी आली आणि सनातन्यांस हंसूं आलें. या प्रसंगाचें समर्थन करण्याचा यत्न पुष्कळांनीं केला आहे; तो न केलेला बरा.

पण कथा तेथें संपत नाहीं. ती अकरा वर्षांची मुलगी म्हणजे रमाबाई रानडे. पतीनें त्यांस लगेच अक्षरें शिकविण्यास आरंभ केला. घरांतील वडील बायकांस तें खपत नसे आणि त्याबद्दल रमाबाईंस दिवसभर टोमणे ऐकावे लागत. पुढें त्यांनीं जें लिहिलें तें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. न्यायमूर्ति पहाटे उठून तुकोबांचे अभंग भान हरपून म्हणत, हें चित्र त्यांत आहे. रानड्यांची मंदिरांतील प्रवचनें पुष्कळांनीं ऐकलीं. ही पहाटेची प्रार्थना ऐकणारें माणूस घरांत एकच होतें. मंदिरांतल्या रानड्यांवर टीका करणें सोपें. पण ज्या स्त्रीवर त्यांच्या दुबळेपणाचा भार पडला होता तिनेंच त्यांच्या पहाटेच्या अभंगांविषयीं आदरानें लिहावें, ही साक्ष हलकी मानतां येत नाहीं. आणि १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनांत रमाबाईंनीं बायकांच्या शिक्षणाचें जें काम उभें केलें, त्याचा आरंभ त्या टोमण्यांनीं भरलेल्या घरांतील धुळाक्षरांतच झाला.

पुन्हां एकदां, १८९० सालीं, पुण्यास पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळी चहा प्याली आणि त्यावरून ग्रामण्य माजलें. त्यांत रानडेहि होते. १८९२ मध्यें त्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. बहिष्कारानें गांजलेल्या मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून तें घेतलें, हें खरें आहे. मानलें नसतांना घेतलें, हेंहि खरें आहे. भांडारकरांचा पिंड निराळा. १८९१ सालीं त्यांनीं आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह केला आणि त्याबद्दलचा रोष सोसला. संस्कृतचा एवढा थोर पंडित, पण शास्त्रार्थाच्या वादांत उत्तर देऊन थांबला नाहीं. दोघेहि एकाच समाजाचे आधारस्तंभ, दोघेहि तेच अभंग म्हणणारे. एकाच्या प्रार्थनेस घरानें अडविलें, दुसऱ्याच्या प्रार्थनेनें घरास वळविलें. यावरून रानड्यांची श्रद्धा उणी होती असा निकाल देण्याची घाई करूं नये; घराघरांतील ओढ सारखी नसते.

समाजाच्या तिसऱ्या कलमास पंढरपुरांत जें रूप आलें त्याविषयीं फारसें बोललें जात नाहीं. विठ्ठलाच्या त्या गांवीं विधवांस दिवस राहत, आणि जन्मलेलीं मुलें टाकून दिलीं जात किंवा मारलीं जात. चंद्रभागेच्या कांठीं नामघोष चालू असतांना हें घडे. तेथें लालशंकर उमियाशंकर हे गुजराथी गृहस्थ न्यायखात्यांत अधिकारी होते. त्यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं टाकलेल्या मुलांसाठीं तेथें आश्रम निघाला आणि तो पुढें प्रार्थना समाजानें चालविला. आईनें तेथें यावें, बाळंत व्हावें, आणि मूल ठेवून जावें. ज्या नगरींत लाखों लोक प्रार्थनेसाठीं चालत येतात, त्याच नगरींत हें घर असावें, यांत कांहींच विलक्षण नाहीं असें तें चालविणारांस वाटलें असावें. तत्त्वांतील वाक्याचा असा अर्थ मंदिरांत बसून कोणास सुचला नसता.

टाळ ठेवून दिल्याची उणीव भरून काढण्याचा यत्न ज्यानें केला तो पुरुष वारकऱ्याच्याच घरांतून आला. विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म १८७३ चा, जमखंडीचा, वडील वारकरी. १९०१ ते १९०३ अशीं दोन वर्षें ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजांत धर्माचा तौलनिक अभ्यास करून ते परतले आणि मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजीं त्यांनीं अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या शिक्षणासाठीं भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापिली. समाजाचे अध्यक्ष न्यायमूर्ति चंदावरकर हेच तिचेहि अध्यक्ष झाले. शिंदे अस्पृश्यांच्या वस्तींत जाऊन राहिले, आणि त्यांच्या बहिणीनेंहि त्या कामास वाहून घेतलें. समाजाशीं त्यांचें फार काळ पटलें नाहीं. १९१० मध्यें ते प्रचारकपदावरून दूर झाले. पुढें पुण्यास त्यांनीं कौटुंबिक उपासना मंडळ चालविलें. नांवावरूनच त्यांचा रोख कळतो. उपासना व्हावयाची ती घरांत, बायकामुलांसह व्हावी. पुरुषानें एकट्यानें मंदिरांत जाऊन ती आटोपून येऊं नये. चाळीस-पन्नास वर्षें समाजाच्या मुळाशीं जी गांठ बसली होती तिच्यावर शिंद्यांनीं नेमकें बोट ठेवलें.

मात्र मंदिरावांचून, समाजावांचून, व्याख्यानांवांचूनहि ही गांठ सुटलेलीं घरें महाराष्ट्रांत होतीं. त्यांची नोंद कोणी ठेवीत नाहीं. एका घराची राहिली, ती मुलगा विनोबा झाला म्हणून. पावण्याहून दक्षिणेस, पेण तालुक्यांत, गागोदें हें गांव आहे. विनोबा भावे यांचा जन्म तेथें १८९५ सालीं झाला. त्यांच्या आईचें नांव रुक्मिणीबाई. शिक्षण नांवापुरतें. घरांतील सर्वांचें जेवण झालें, आवराआवर झाली, कीं स्वतः जेवण्यापूर्वीं त्या देवापुढें बसत. पूजा आटोपल्यावर कान धरून त्या दिवसभरांतल्या अपराधांची क्षमा मागत, आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागत. मुलानें हें रोज पाहिलें, आणि म्हातारपणींहि तो तें सांगत असे.

एकदां या बाईंनीं देवास एक लाख तांदूळ वाहण्याचा नेम केला. रोज एक एक दाणा मोजून वाहावयाचा. विनोबांचे वडील शास्त्राची आवड असलेले, हिशेबी. त्यांनीं सुचविलें कीं, तोळाभर तांदूळ मोजून त्यांत किती दाणे बसतात तें पाहावें, त्या मानानें लाखांचें वजन काढावें, आणि वर थोडे घालावे म्हणजे उणें पडणार नाहीं. हिशेबांत चूक नव्हती. रुक्मिणीबाईंस उत्तर सुचेना. संध्याकाळीं त्यांनीं मुलास विचारलें. तो म्हणाला कीं हें गणिताचें काम नव्हे. दर दाण्याबरोबर देवाची आठवण होते, म्हणून दाणे मोजावयाचे. आईचें समाधान झालें आणि मोजणी पुढें चालू राहिली. ज्या प्रश्नावर इंग्लंडांत पार्लमेंटास ठराव करावा लागला, तो स्वयंपाकघराच्या दारांत असा मिटला.

याच बाईंनीं पुढें बडोद्यास असतांना गीतेवरील प्रवचनें ऐकण्यास सुरुवात केली. संस्कृत त्यांस कळेना. मुलानें मराठी पद्यांत भाषांतर आणून दिलें, तेंहि त्यांस अवघड गेलें. सोपें दुसरें नाहीं असें मुलानें सांगितल्यावर त्या म्हणाल्या कीं, मग तूंच कां लिहीत नाहींस? त्या मागणीस उत्तर देण्यास बराच काळ गेला. ७ ऑक्टोबर १९३० रोजीं पहाटेच्या प्रार्थनेनंतर वर्ध्यास विनोबांनीं ‘गीताई’ लिहावयास घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजीं ती पुरी केली. १९३२ सालीं, ते धुळ्याच्या तुरुंगांत असतांना, ती प्रथम छापून निघाली. पुढें तिच्या लाखों प्रती खपल्या आणि असंख्य घरांतून ती रोज म्हटली जाऊं लागली. रुक्मिणीबाई १९१८ सालींच वारल्या होत्या.